फोन बिलातले 90 सेंट जातात कुठे?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, दर महिन्याला फोन बिलात 911 (अमेरिकेतला आणीबाणीचा मदत क्रमांक) च्या नावाने 90 सेंट कापतात, तरी ही सिस्टीम नवी व्हायला इतकी वर्षं का लागतायत?

उत्तर: ताई, तुमचा राग अगदी रास्त आहे. ही फी 2004 पासून आहे, पण त्यातला मोठा भाग राज्याने वर्षानुवर्षं दुसऱ्याच खर्चाकडे वळवला, आणि हे काही मी मनाचं सांगत नाहीये, 2008 च्या कायद्यामुळे एफसीसीला (फोन-दूरसंचारावर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) दरवर्षी अमेरिकी संसदेला रिपोर्ट द्यावा लागतो आणि त्यात न्यू जर्सीचं नाव कितीतरी वेळा आलंय. फोटो, नेमकं लोकेशन कंट्रोल रूमला नीट पोचायचं तर नव्या सिस्टीमला इंटरनेटच्या तंत्रावर चालणारं नेटवर्क लागतं, त्याला पैसा लागतो! बजेट राज्यात ठरतं, तेव्हा तुमच्या असेंब्ली मेंबरला बिल दाखवून विचाराच.