ओकानोगनची वीस एकर आणि हातातले साठ दिवस

प्रश्न: आम्ही सिॲटलजवळ बॉथेलला राहतो. मी एच-१बीवर (नोकरीशी बांधलेला व्हिसा), बायको एच-४च्या (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर्क परमिटवर, दोन मुली. ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. वॉशिंग्टन राज्यातच ओकानोगन काउंटीत (जिल्ह्यात), टोनास्केट गावाच्या वर डोंगरात २० एकर जमीन १,३०,००० डॉलरला मिळते आहे. बोअर आहे, वीज आणि घर नाही. भूकंप किंवा कोविडसारखं काही आलं तर जायला हक्काची जागा होईल, पुढे भाजीपाला, कोंबड्या करू, असा विचार आहे. ४०१-के (निवृत्तीची बचत) सोडून शिल्लक १,८५,००० डॉलर, महिन्याचा खर्च ८,५००. मी मूळचा जत तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. बायको म्हणते, त्यापेक्षा गावाकडे शेत घेऊ. काय करावं?

उत्तर: आत्ता घेऊ नका.

आधी हिशोब. १,८५,००० मधून जमिनीचे १,३०,००० गेले की उरतात ५५,०००. सोलर, टाकी, सेप्टिक आणि छोटी केबिन यांना तुम्हीच ४५,००० धरले आहेत. हा आकडा मला फार हात आखडून धरलेला वाटतो, पण तो खरा मानला तरी हातात १०,००० राहतात. म्हणजे जेमतेम सव्वा महिन्याचा खर्च.

आता संकटाचं बोलू. तुमच्या घरावर येऊ शकणाऱ्या संकटांची यादी मी केली, तर भूकंप पहिला येत नाही. पहिलं येतं तुमची नोकरी जाणं. एच-१बीवर नोकरी सुटली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि तुमच्याबरोबर बायकोचं एच-४सुद्धा अडचणीत येतं. त्या ६० दिवसांत डोंगरातली वीस एकर विकली जात नाही. बाडबिस्तरा आवरून भारतात परतलात आणि अमेरिकेच्या करासाठी अनिवासी झाल्यावर ती विकलीत, तर घेणारा विक्रीच्या किमतीवर १५ टक्के कापून सरकारजमा करतो. नफ्यावर नव्हे, किमतीवर. १,३०,००० वर १९,५०० झाले. रिटर्न भरून जास्तीचे परत मिळतात, पण ऐन गरजेला ते हाताशी नसतात.

पाठवलेल्या कागदांत बोअरचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. खोली ४०५ फूट, पाणी मिनिटाला अर्धा गॅलन. दिवसरात्र चालवलं तर ७२० गॅलन, म्हणजे सुमारे २,७०० लिटर. टाकी बसवली तर चौघांच्या घराला ते पुरतं. पण राज्याच्या नियमानुसार परवान्याशिवाय अर्ध्या एकरापर्यंत घरगुती बाग भिजवता येते, आणि तुमचा भाजीपाला त्याच भरवशावर आहे. अर्ध्या एकराला एकदा इंचभर पाणी द्यायला साधारण १३,५०० गॅलन लागतात. तुमचं बोअर तेवढं पाणी १९ दिवसांत देईल, तेही घरात कुणी अंघोळ केली नाही तर! ओकानोगनच्या खोऱ्यात बर्फ धरून वर्षाला १२ इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तुमच्या जतपेक्षाही कमी. जतच्या माणसाने बोअरचा आकडा न बघता जमिनीच्या प्रेमात पडावं, याचं मला नवल वाटलं. राज्याच्या इकॉलॉजी खात्याच्या साइटवर शेजारपाजारच्या बोअरचे रिपोर्ट फुकट बघता येतात. आधी ते बघा.

ही काउंटी वाईट नाही. क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यांत मोठी, लोकसंख्या फक्त ४२ हजारांच्या आसपास. सफरचंदांचा मुलूख. ओमाक, टोनास्केट, ब्रूस्टर इथे छोटी हॉस्पिटलं आहेत, मोठ्या दुखण्याला वेनाची शहर गाठावं लागतं. पण उन्हाळ्यात आग लागते. २०१४च्या कार्लटन कॉम्प्लेक्स वणव्याने अडीच लाख एकरांहून जास्त मुलूख आणि सुमारे ३०० घरं जाळली. पुढच्याच वर्षी ट्विस्पजवळ तीन अग्निशामकांचा जीव गेला. सप्टेंबर २०२०मध्ये पुन्हा मोठा वणवा. म्हणजे तिकडून बॉथेलला पळून यायची वेळ जास्त संभवते. केबिनचा विमा कोण आणि कितीला देतो, हे इसार देण्याआधी लेखी घ्या.

भूकंपाचं म्हणाल तर भीती खरी आहे. किनाऱ्याजवळच्या समुद्राखालच्या कॅस्केडिया भेगेचा शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७००चा. पण तसा झाला तर तुमच्या आणि त्या जमिनीच्या मध्ये अख्खी कॅस्केड डोंगररांग आहे. एरवी चार-पाच तासांचा रस्ता. त्यातला हायवे २० हिवाळ्यात बंदच असतो, उरलेल्या घाटांचे आणि पुलांचे काय हाल होतील ते तुम्हीच विचार करा. मुली शाळेत, तुम्ही ऑफिसात, आणि आसरा डोंगरापलीकडे.

राज्याचं आपत्ती खातं दोन आठवड्यांची तयारी ठेवा म्हणतं. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, चौघांना १४ दिवस, म्हणजे ५६ गॅलन. ५५ गॅलनचं एक निळं पिंप गॅरेजमध्ये भरून ठेवलं की जवळजवळ झालं. त्याच्याशेजारी तांदूळ, डाळ, गॅसची छोटी शेगडी (ती बाहेरच पेटवायची), औषधं, आणि पासपोर्ट व आय-७९७च्या (व्हिसा मंजुरीची नोटीस) प्रती.

कागदपत्रांचंही बघा. ग्रीन कार्ड नसलेल्या माणसाने दहा एकरांहून जास्त शेतजमीन घेतली, तर ९० दिवसांत अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याकडे नोंद करावी लागते. गेल्या पाच वर्षांत तिथे शेती, चराई किंवा लाकूडतोड झाली असेल, तरी ती शेतजमीनच. चुकलं तर किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. आणि कोंबड्या पाळा, पण अंडी बाजारात विकण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. ते परवानगीशिवाय केलेलं काम ठरू शकतं.

वहिनींच्या सूचनेबद्दल: अनिवासी भारतीय असताना भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने येईल ती ठेवता येते. तेव्हा जतला वडिलांच्या सातबाऱ्यावर तुमचा हक्क कसा लागणार आहे, ते पुढच्या सुट्टीत तलाठ्याकडे बसून बघून या.

बारा महिन्यांचा खर्च, म्हणजे १,०२,०००, हाय-यील्ड सेव्हिंग्ज (जास्त व्याजाचं बचत खातं) आणि ट्रेझरी बिलांत (सरकारचे अल्पमुदतीचे रोखे) ठेवा. त्याला हात लावायचा नाही. टोनास्केटला आधी भाड्याने राहून बघा, एक आठवडा ऑगस्टच्या धुरात आणि एक जानेवारीत. ग्रीन कार्डानंतरही मन तिथेच असेल तर पाच एकर बघा, मिनिटाला पाच गॅलनचं बोअर असलेली. आणि एजंटला एवढं विचारा, की रस्त्यावरचा बर्फ काउंटी काढते का. "रहिवासी मिळून काढतात" असं उत्तर आलं, तर त्या रहिवाशांत बॉथेलहून येणारे तुम्हीही आलात.