साठ की आठ?

‘मी ६७ वर्षांची निवृत्त शिक्षिका. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदाकाठी, मेथीची जुडी “आठ” रुपये ऐकली आणि दहाचं नाणं पुढे केलं. भाजीवाला म्हणाला, “आजी, साठ!” बायका हसल्या. सून म्हणते, कान तपासून घ्या. मला ऐकू येतं हो, हल्ली माणसंच पुटपुटतात. भजनी मंडळही सोडलंय. मशीन लावलं की म्हातारपणाचा शिक्काच ना?’
– एक बाई, पंचवटी

बाई, तुम्हाला ऐकू येतं हे खरंच आहे, आणि घोळ तिथेच आहे. वयाबरोबर कान एकदम जात नाही. आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ त्याच पट्टीतले. स्वर ठणठणीत पोचतो, ‘साठ’मधला ‘स’ वाटेत गळतो आणि हाती उरतं ‘आठ’. बाजाराच्या कलकलाटात तर जास्तच. तेव्हा भाजीवाल्याला माफ करा, तो पुटपुटत नव्हता.

शिक्क्याचं म्हणाल, तर चाळिशी लागली तेव्हा वर्गात चष्मा लावून पेपर तपासलेतच ना? आपण त्या चष्म्याला चक्क ‘चाळिशी’ म्हणतो. वय नाकावर ठेवून गावभर हिंडतो आणि लाज तेवढी कानाची! मीही काही शहाणी नाही. वणीच्या गडावर ट्रॉली सुरू झाल्यावरही दोन वर्षं हट्टाने पायऱ्याच चढले, गुडघा धरून उतरले.

वय मान्य करायचं म्हणजे ‘स’ ऐकू येत नाही, एवढंच मान्य करायचं. भजन सोडायला कोणी सांगितलं?

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कधी कधी नुसता मळ निघतो आणि काम भागतं. नाहीतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. मशीन लागलंच, तर पहिल्याच दिवशी ते घालून बाजारात जाऊ नका. भांडी घणासारखी आदळतील, पिशवीची चुरचुर डोक्यात जाईल. घरात थोडा थोडा वेळ लावा. सवय व्हायला काही आठवडे जातात. बऱ्याच जणी नेमक्या याच दिवसांत ते डबीत ठेवून देतात.

सूनबाईंना सांगा, स्वयंपाकघरातून हाक मारू नका, समोर येऊन सावकाश बोला. ओरडून शब्द आणखी फाटतो.

आणि मंडळात परत जाल तेव्हा टाळवाल्यांच्या शेजारी बसू नका. पेटीजवळची जागा मागून घ्या.