स्वायत्त, पण कोणापासून?

फोंड्याहून एका वाचकाने विचारलंय: "एका लेखाचं भाषांतर करतोय. 'ऑटोनॉमिझम'ला 'स्वायत्तवाद' म्हणू की 'स्वायत्ततावाद'? दुसरा शब्द वाचून वडील म्हणाले, गोव्याला घटक राज्य १९८७ सालीच मिळालं, आता आणखी कसली स्वायत्तता?"

ऑटोनॉमिझम म्हणजे कामगारांनी मालक, सरकार, पक्ष वा युनियन यांच्यावर विसंबून न राहता आपलं आपण लढावं, असं मानणारी डावी विचारसरणी. व्याकरणाचं उत्तर सोपं आहे. वाद स्वायत्ततेविषयी आहे, म्हणून 'स्वायत्ततावाद'. 'मानवतावाद' होतो तसाच. उच्चारताना जीभ अडखळते, त्याला इलाज नाही. पण मला तुमच्या वडिलांची शंका जास्त महत्त्वाची वाटते.

'आयत्त' म्हणजे एखाद्याच्या हातात असलेलं, त्याच्यावर अवलंबून असलेलं. 'वेणीसंहार' नाटकातला कर्ण म्हणतो ना, "दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्". जन्म दैवाच्या हाती, पराक्रम माझ्या हाती. तेव्हा 'स्वायत्त' म्हणजे स्वतःच्या हातातलं. शब्द मुळात असा ताठ कण्याचा आहे. आज मात्र आपण तो ऐकतो 'स्वायत्त महाविद्यालय', 'स्वायत्त मंडळ' अशा जोड्यांत. वरून पत्र येतं आणि खालची संस्था स्वायत्त होते! गोव्यात तर आणखी एक थर आहे. पोर्तुगालच्या छत्राखाली 'आउतोनोमिया' (स्वायत्तता) की सरळ मुक्ती, हा वाद मुक्तीपूर्वी इथे झालेला आहे. म्हणून हा शब्द कानावर पडला की आपल्याला आधी प्रदेश आणि सरकार आठवतं, कारखाना नाही.

ही विचारसरणी मात्र कारखान्यातूनच आली. इटलीत १९६१ साली रानिएरो पांझिएरी यांनी 'क्वादेर्नी रोस्सी' (लाल वह्या) हे नियतकालिक सुरू केलं. त्यातल्या मंडळींनी कामगारांकडेच जाऊन काम कसं चालतं, कुठे अडवलं जातं, हे विचारायला सुरुवात केली. त्यांच्यातले मारिओ त्रोन्ती यांनी १९६४ मध्ये नेहमीचा क्रम उलटा केला: भांडवल पुढे जातं आणि कामगार त्याला तोंड देतो असं नव्हे, आधी कामगार लढतो आणि त्या लढ्यामुळे भांडवलाला आपली रीत बदलावी लागते. १९६९ च्या शरदात तोरिनोच्या फियाट कारखान्यात संप पेटले, तेव्हा बरेचसे निर्णय युनियनच्या कचेरीत नव्हे, खात्याखात्यांतल्या कामगारांच्या सभांत झाले. १९७४ मध्ये त्याच भागात बसभाडं वाढलं. कामगारांनी जुनंच भाडं द्यायला सुरुवात केली आणि पुढे विजेची बिलंही लोक स्वतःच कमी करून भरू लागले. कोणाची परवानगी नाही, कोणाकडे अर्ज नाही.

म्हणजे इथली स्वायत्तता मालकापासून तर आहेच, पण सरकार, पक्ष आणि कामगारांच्या नावाने बोलणारी युनियन यांच्यापासूनही. 'कोणापासून' हे नुसत्या 'स्वायत्ततावादा'त दिसत नाही, पण निदान 'कोणाची' हे तरी दाखवता येईल. म्हणून लेखात पहिल्यांदा 'कामगार-स्वायत्ततावाद' लिहा, नंतर हवं तर आखूड करा. हा जोडशब्द मी हौसेने पाडलेला नाही. १९७३ च्या सुमारास इटलीत उभ्या राहिलेल्या एका चळवळीचं नावच 'आउतोनोमिया ओपेराइया', कामगार-स्वायत्तता, असं होतं. तिच्या आधीच्या वैचारिक प्रवाहाला तिकडे 'ओपेराइज्मो' म्हणतात. त्याच्यासाठी 'कामगारवाद' राखून ठेवा. 'अराज्यवाद' मात्र इथे वापरू नका, तो अ‍ॅनार्किझमसाठी आहे आणि यातले बहुतेक जण स्वतःला मार्क्सवादीच म्हणवत.

मला क्षणभर 'एकवट' या कोंकणी शब्दाचा मोह झाला होता. १९७० च्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध, म्हणजे यांत्रिक मासेमारी बोटींविरुद्ध, उठलेल्या रापणकारांच्या (किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या) संघटनेच्या नावात तो आहे आणि रापण ओढणारे अनेक हात त्यात दिसतात. पण 'एकवट' सांगतो की आम्ही एकत्र आहोत. आम्ही कोणाच्या हाताखाली नाही, हे तो सांगत नाही. सोडून दिला.

आणि छापायला देताना 'स्वायत्तता'तले त मोजा: एक अर्धा, दोन पूर्ण. तुमच्या पत्रात एकदा 'स्वायतत्ता' झालंय.