नर्सरीत मूल शू धरून ठेवतं त्याबद्दल

तुमचा ३ वर्षांचा मुलगा लंडनच्या नर्सरीत दिवसभर शू धरून ठेवतो आणि घरी आल्या आल्या चड्डी ओली करतो, हे वाचून आमचे दिवस आठवले. घरी तो नीट सांगतो, म्हणजे सवय लागलेली आहे. तिथे सांगायला त्याच्याकडे शब्द नाही.

आमची लेक 'शू, शू' म्हणायची आणि तिथल्या बाई तिचे बूट आणून द्यायच्या. 'शी' म्हटलं की त्यांना वाटे, कुण्या मुलीबद्दल सांगतेय. आम्ही दोन्ही शब्द अर्थासकट कागदावर लिहून दिले. ऑफिसातून उत्तर आलं, इथे इंग्रजीच बोलू द्या, शिकेल आपोआप. तिने सांगणंच सोडलं. शी कडक झाली, दुखायला लागली, दुखते म्हणून तिने आणखी धरली. मग चड्डीला पातळ डाग. त्यांनी जुलाब समजून घरी पाठवलं. खरं तर आत साचलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपत होती. मला अजून राग येतो. इंग्लंडमधल्या नर्सऱ्यांना लागू असलेल्या ईवायएफएस या सरकारी नियमावलीतच मुलाला घरची भाषा वापरायची संधी द्या असं म्हटलंय. ते दाखवा, आणि ऑफिसपेक्षा मुलाच्या 'की पर्सन'शी, म्हणजे नर्सरीत त्याची जबाबदारी असलेल्या बाईंशी, बोला.

शब्द म्हणाल तर तिकडे शूला 'वी' आणि शीला 'पू'. 'पी' आणि 'पूप' कार्टूनमधून येतात, कळतातही, पण आधी एकच जोडी पक्की करा. 'नंबर वन, नंबर टू' इतक्या लहानाला नको, आकड्यांचा गोंधळ होतो. पादण्याला तिथली मुलं 'ट्रम्प' म्हणतात, दचकू नका. घरात मात्र शी-शूच राहू द्या, हे माझं ठाम मत. आणि आजीला 'पू'चा अर्थ आधी सांगून ठेवा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर नातवाला कुठे लागलं म्हणून घाबरतील.

मी डॉक्टर नाही, प्रत्येक मूल वेगळं. पण शी कडक असेल किंवा शू करताना जळजळत असेल तर थांबू नका, जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जा. ते 'बाउल्स ओपन' होतात का विचारतील, म्हणजे शी होते का. 'वॉटरवर्क्स' म्हणजे लघवीचं. बोलणं अडलं तर ब्रिस्टल स्टूल चार्ट (शीच्या प्रकारांचा चित्रांचा तक्ता) मागा आणि चित्रावर बोट ठेवा: १-२ म्हणजे बद्धकोष्ठ, ३-४ ठीक. मुलांच्या शी-शूच्या तक्रारींसाठी 'एरिक' नावाची धर्मादाय संस्था आहे, तिची वेबसाइट जरूर वाचा. नर्सरीत जाताना इलॅस्टिकचीच पँट घाला, बटणं नकोत.