लाइपझिगहून बर्लिनची नाइट लाइफ कमी पैशात, हॉटेल न घेता कशी बघता येईल?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी लाइपझिगला शिकायला आलात, एकटेच जाणार आहात, आणि शनिवारच्या रात्रीसाठी बर्लिनमधल्या हॉस्टेलचा साधा बेडसुद्धा परवडत नाहीये. बेड घेऊच नका. शनिवारी रात्री आपल्या खोलीत नीट झोपा आणि रविवारी पहाटेच्या गाडीने बर्लिनला जा.

मी चार वर्षं लाइपझिगला होते. पहिल्या वर्षी मीही दोनदा बेडचे पैसे भरले आणि दोन्ही वेळा त्या बेडवर पाठ टेकली नाही. आपल्या डोक्यात नाइट लाइफ म्हणजे रात्रीचे दोन-तीन तास, मग शेवटच्या लोकलसाठी धावाधाव. बर्लिनचं तसं नाही. पश्चिम बर्लिनमध्ये बार बंद करायची सक्तीची वेळ १९४९ सालीच उठवली गेली. कोविडचा काळ सोडला तर आजही तिथे अमुक वाजता बंद करा असं कुणी सांगत नाही. बर्गहाइन या प्रसिद्ध क्लबमध्ये शनिवारी मध्यरात्री सुरू झालेलं संगीत सोमवार सकाळपर्यंत चालतं. बर्लिनची कितीतरी माणसं रविवारी झोपून उठतात, नाश्ता करतात आणि मग नाचायला जातात. तेव्हा रांगही बऱ्याचदा लहान असते आणि आत आलेली माणसं खरंच गाणं ऐकायला आलेली असतात.

आता गाडी. डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभर साध्या गाड्यांना आणि शहरातल्या बस-मेट्रोला चालणारं महिन्याचं तिकीट, मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ते महिना ६३ युरो आहे. तुमच्या विद्यापीठाच्या सेमेस्टर तिकिटात ते आधीच आहे का ते आजच बघा, बऱ्याच ठिकाणी असतं. ते असेल तर बर्लिनला जाणं-येणं आणि तिथली मेट्रो, ट्राम, बस, सगळं त्यातच आलं. मात्र आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना ते चालत नाही, रेल्वेत फक्त आरई, आरबी या प्रादेशिक गाड्या आणि एस-बान ही लोकल. आयसीई सव्वा तासात पोचवते, तुम्हाला विटेनबर्गला गाडी बदलून अडीच-तीन तास लागतील.  डॉइचलांडटिकेट विकत घेतलंत तर लक्षात ठेवा, ही दरमहा आपोआप चालू राहणारी वर्गणी आहे. पुढचा महिना नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावी लागते.

बर्लिनला उतरल्यावर थेट क्लबकडे धावू नका. वारशाउअर श्ट्रासे स्टेशनला उतरा, ओबरबाउमब्रुके पुलाकडे चालत जा. तिथून जवळच ईस्ट साइड गॅलरी आहे, पूर्व आणि पश्चिम बर्लिन वेगळं करणाऱ्या भिंतीचा १.३ किलोमीटरचा चित्रांनी भरलेला तुकडा, फुकट. ती बघितल्याशिवाय या क्लबांचा अर्थ लागत नाही असं मला मनापासून वाटतं. १९८९ला भिंत पडली, पूर्वेकडच्या कितीतरी इमारती मालकाविना ओस पडल्या होत्या आणि दोन्हीकडची तरुण पोरं तिथे एकत्र नाचायला लागली. ट्रेझॉर हा क्लब १९९१ साली एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत सुरू झाला, नावाचा अर्थही तिजोरीच. आता तो दुसऱ्या जागी, जुन्या वीजकेंद्रात आहे. बर्गहाइनही वीजकेंद्रातच. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनची टेक्नो (या क्लबांत वाजणारं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) संस्कृती आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यामुळे घरी सांगताना ‘क्लबमध्ये गेलो’ म्हणायला संकोच वाटायचं काही कारण नाही.

अशा क्लबच्या दारावर तुमच्या फोनच्या पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर छोटा गोल स्टिकर चिकटवतात. तो आत काढायचा नाही. मला सुरुवातीला हे विचित्र वाटलं होतं. पण तासाभराने कळलं की आजूबाजूला एकही पेटलेला स्क्रीन नाही, कुणी कुणाला टिपत नाहीये, आणि मी कित्येक वर्षांत पहिल्यांदाच डोळे मिटून नाचत होते. प्रवेशासाठी वीस-तीस युरो आणि तेही रोख जवळ ठेवा. दाराशी नाही म्हणाले तर वाद घालू नका, मनालाही लावून घेऊ नका. माझ्यापुढच्या जर्मन मुलांनाही परत पाठवलेलं मी पाहिलंय. अनोळखी माणसाने दिलेलं पेय घेऊ नका आणि आपला ग्लास नजरेआड करू नका, हे मुलगा असलात तरी लागू आहे.

खाण्यापिण्यात खरी बचत आहे. रविवारी सुपरमार्केट बंद, मोठ्या स्टेशनांतली सोडून. त्यामुळे डबा घेऊन जा, नाहीतर फलाफल आहेच. रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, डब्याशेजारी खाली उभी ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट, काचेच्या बिअरच्या बाटलीचे ८ सेंट दुकानात बाटली परत दिल्यावर मिळतात आणि त्यावर दिवस काढणारी माणसं आहेत. वारशाउअरच्या पुलावर एक आजोबा डब्यात खांद्यापर्यंत हात घालून बाटल्या शोधताना मी पाहिले. फुटक्या काचेने त्यांच्या हातमोज्याची दोन बोटं कापली गेली होती. तेव्हापासून मी बाटली कधीच आत टाकलेली नाही.

कधी शनिवारीच जायची वेळ आली तर घाबरू नका. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री बर्लिनची मेट्रो आणि एस-बान रात्रभर चालते, एम१० ट्राम तर रोजच रात्रभर. सामान मुख्य स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा.

परतताना रविवारी संध्याकाळी आरई खचाखच भरते आणि विटेनबर्गची जोडगाडी उशीर झाला की चुकते. म्हणून त्या दिवसाची शेवटची गाडी धरू नका, तिच्या आधीची धरा. सोमवारी सकाळी लेक्चर असेल तर रविवारी संध्याकाळी सहाच्या आत स्टेशनवर या.