फोर्कचे बग तुझ्या दारात का येतात

ट्रान्स-हार्बर लोकलच्या वेळापत्रकाचं तुझं ॲप कुणीतरी फोर्क करून (म्हणजे कोडची स्वतःची वेगळी प्रत काढून) त्याची एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर थेट टाकायची फाईल, टेलिग्रामवर वाटतोय आणि तक्रारी मात्र तुझ्या रेपोत (गिटहबवर तुझा कोड ठेवलेल्या जागी) येतायत. त्या सरसकट बंद करू का, असा तुझा प्रश्न.

सरसकट नको. आधी तीच गडबड तुझ्या अधिकृत बिल्डवर (तू स्वतः बनवून दिलेल्या ॲपवर) होते का ते बघ. "दिघा गाव स्टेशन दिसत नाही" हीच तक्रार घे. ते स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. तुझ्या यादीत ते आहे, फोर्कवाल्याने त्याआधी घेतलेल्या प्रतीत नाही. असं असेल तर फोर्कची लिंक देऊन दोन ओळींत इश्यू (नोंदवलेली तक्रार) बंद. पण रात्री बारानंतरची गाडी आदल्या दिवसात दिसते, हे तुझ्या बिल्डवरही झालं तर बग तुझाच. फुकटात टेस्टर मिळाला म्हण!

"ॲप कुठून घेतलंत" हे विचारून फारसं हाती लागत नाही. ऐरोलीला उतरता उतरता मित्राने पाठवलेलं असतं. ॲपच्या माहिती पानावर ॲप्लिकेशन आयडी, व्हर्जन, कमिट हॅश (कोडच्या नेमक्या आवृत्तीची खूण) आणि ॲपवरच्या डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट (ती सही कुणाची हे ओळखायची खूण) दाखव, शेजारी कॉपीचं बटण दे, आणि इश्यू फॉर्ममध्ये तो रकाना सक्तीचा कर. आयडी फोर्कवाल्याने तसाच ठेवला असेल, पण सही करायची तुझी गुप्त की त्याच्याकडे नाही, म्हणून फिंगरप्रिंट वेगळा येणारच. अशीच ओळखखूण लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नलसुद्धा ठेवतो: प्रोप्रायटरी (कोड खुला नसलेलं) मॉड्यूल लोड झालं की स्वतःवर 'टेंटेड' (डागाळलेला) अशी खूण करतो, ती क्रॅशच्या मेसेजमध्ये दिसते.

खरं दुखणं मात्र तुझ्या कोडमध्ये आहे. 'तक्रार नोंदवा' बटणाची लिंक आणि क्रॅश रिपोर्टिंगची की (ॲप कोसळल्याची माहिती तुझ्याकडे पोचवणारी) तू थेट सोर्समध्ये लिहिली असशील, तर फोर्कबरोबर तीही गेली. दोन्ही बाहेर काढ आणि फक्त तुझ्या रिलीज बिल्डच्या वेळी भर. इतरांनी बिल्ड केलं की तिथे रिकामं राहू दे.

शिवाय गिटहबवर फोर्कचे इश्यूज मुळात बंदच असतात, त्यामुळे लोकांना तिथे तक्रार करताच येत नाही. फोर्कवाल्याला नीट मेसेज कर: इश्यूज चालू कर, नाव आणि आयकॉन बदल. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. मोझिलाच्या ट्रेडमार्क अटींवरून डेबियन या लिनक्स वितरणानेही २००६ पासून दहा वर्षं फायरफॉक्स 'आइसवीझल' या नावाने दिला. ऐकलं नाही, तर रीडमीत (रेपोच्या पहिल्या पानावरच्या माहितीत) अधिकृत डाऊनलोडची लिंक ठळक टाक आणि पुढच्या कामाला लाग.