वॉरंटी तीन वर्षांची, तक्रारीची मुदत दोनच वर्षांची

कोल्हापूरच्या एका वाचकाने लिहिलं आहे: 'ऑनलाइन सेलमध्ये सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर घेतला. जाहिरातीत यूएसबी-सीच्या एकाच केबलवर चित्र, डेटा आणि ९० वॉट चार्जिंग असं होतं. मिळतात १५ वॉट. घरून व्हिडिओ एडिटिंग करतो, मॅकबुकची बॅटरी मॉनिटरला जोडूनही उतरत राहते. एचडीएमआय २.१ लिहिलंय, पण त्या पोर्टवर फोर-के ६० हर्ट्झच्या वर जात नाही. कंपनीशी पहिल्या आठवड्यापासून ईमेल चालू आहेत. जाहिरातीचं पान आता बदललंय, खोकं रद्दीत गेलं. मॉनिटर येऊन एक वर्ष साडेदहा महिने झाले, वॉरंटी तीन वर्षांची आहे. ती संपायच्या आत तक्रार केली तर चालेल ना?'

नाही. तुमच्याकडे जेमतेम दीड महिना उरला आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे यावं लागतं. वॉरंटी किती वर्षांची, याचा या मुदतीशी थेट संबंध नाही. नीट चालणारा पोर्ट अठराव्या महिन्यात बंद पडला असता आणि कंपनीने दुरुस्ती नाकारली असती, तर कारण तेव्हा घडलं असं म्हणता आलं असतं. तुमचा पोर्ट बिघडलेला नाही. तो पहिल्या दिवसापासून १५ वॉटचाच आहे, आणि तुम्हाला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुमचेच ईमेल त्याचा पुरावा आहेत. म्हणजे सामनेवाले, ज्यांच्याविरुद्ध तुमची तक्रार आहे ते, मॉनिटर तुमच्या हाती पडला ती तारीख धरणार, आणि त्यांचं म्हणणं खोडणं अवघड आहे.

'पत्रव्यवहार चालू होता' याने मुदत वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवूनही वाढत नाही. मुदतीचा मुद्दा समोरच्याने काढला नाही तरी आयोगाने तो स्वतःहून तपासायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, जुन्या कायद्याच्या अशाच कलमावर, स्पष्ट केलं आहे. विलंब माफ होऊ शकतो, पण सबळ कारण लागतं. कस्टमर केअर दर वेळी 'वरिष्ठांकडे पाठवलं आहे' म्हणत राहिलं आणि तुम्ही बावीस महिने वाट पाहत बसलात, हे सबळ कारण ठरेल यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

मुदतीत गेलात तर आणखी एक फायदा आहे: तक्रारीचा भर जाहिरातीवर ठेवता येतो. वस्तू सदोष आहे एवढंच म्हटलंत तर आयोग ती तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि तो खर्च आधी तुम्हालाच भरावा लागतो. कायदा म्हणतो, तपासणी नसेल तर शक्यतो तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा. आयोगाच्या पायऱ्या चढणाऱ्या कोणालाही या आकड्यांवर हसू येईल. म्हणून मुख्य भर दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर ठेवा: सांगितले ९०, दिले १५. सदोष वस्तूचा मुद्दा पर्यायी म्हणून जोडा. दोन वर्षं उलटली की मात्र हाच भक्कम मुद्दा आधी गळतो.

आता पुरावा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवायला मिनिटही लागलं नसतं. असो. ऑर्डर पक्की झाल्याच्या ईमेलमध्ये वस्तूचं पूर्ण नाव असतं, त्यात पुष्कळदा वॉटही असतात. तो ईमेल शोधा. बिल, माहितीपुस्तिका, कंपनीची उत्तरं काढा. मॅकबुकच्या सिस्टिम रिपोर्टमध्ये चार्जर किती वॉटचा दिसतो ते पान छापून घ्या. छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. कंपनी केबलवर ढकलणार हेही ठरलेलं. ६० वॉटच्या वर जायला पाच अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. तशी केबल लावून स्थानिक तंत्रज्ञाकडून लेखी अहवाल घ्या.

एचडीएमआयचा मुद्दा सोडून द्या. २.१ मधल्या बहुतेक सुविधा ऐच्छिक आहेत, त्यामुळे सेकंदाला १८ गिगाबिट डेटा नेणाऱ्या जुन्या पोर्टवरही तो आकडा छापता येतो. ग्राहकाला हे फसवणुकीसारखंच वाटतं, मलाही पटत नाही. पण जाहिरातीत 'एचडीएमआयवर ६० हर्ट्झच्या वर' असं लिहिलेलं नसेल तर कंपनीकडे उत्तर तयार आहे.

तुम्ही या मॉनिटरवर कमावता, म्हणून 'व्यापारी हेतू'ने घेतला, तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप येईल. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे. बिलावर जीएसटी क्रमांक असेल, तर वाद थोडा वाढेल. तेवढ्याने तक्रार बुडेलच असं नाही.

तक्रार कोल्हापूरच्याच जिल्हा आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून दाखल करा. विक्रेता, संकेतस्थळ आणि उत्पादक किंवा आयातदार अशा तिघांना सामनेवाले करा. कंपनी मध्येच बदली मॉनिटर देऊ करेल. तो ९० वॉटचा आहे हे लेखी मिळाल्याशिवाय जुना हातचा सोडू नका, आणि त्या बोलाचालीपायी तक्रार दाखल करायची थांबू नका.